न येणाऱ्या गाडीचा पडदा

१७ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, शेटे सर, राग आत दाबून ठेवू नका, तुमचं बीपी त्यानंच चढतंय. घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काढा की मग. माझ्यावर काढू नका म्हणजे झालं. वहीवर काढा."

म्हणून ही वही.

आजचा राग असा. नववी ब चा चित्रकलेचा तास गणिताच्या कदमांनी घेतला. विचारलं नाही, सांगितलं. "तुमचं काय सर, चित्रंच तर काढायचीत. पोरं घरी काढतील." आणि तास गेला म्हणून रिकामा दिसलो, तर हेडसरांनी मतदार जागृतीचा फलक रंगवायला बसवलं. या शाळेत मी चित्रकलेचा शिक्षक नाही, रंगारी आहे. सुविचार लिहा, रांगोळी काढा, पाहुणे आले की फळा सजवा. हेडसरांच्या पुतणीच्या लग्नाची कमानसुद्धा मीच रंगवली. जेवायला शेवटच्या पंगतीत बसलो.

संध्याकाळी हेडसरांनी पुन्हा बोलावलं. परभणीला जिल्ह्याची बालनाट्य स्पर्धा आहे. नाटक सविता मॅडम बसवणार. या मॅडम तासिकेवर मराठी शिकवतात, वय माझ्या लेकीएवढं, शिवरंजनीएवढं. पडदा आणि नेपथ्य माझ्याकडं.

"पण सर, नियम आहे," मॅडम म्हणाल्या. "लिहिणं, करणं, रंगवणं, सगळं विद्यार्थ्यांनीच करायचं."

हेडसर हसले. "नियम असतोय हो मॅडम. सर बघून घेतील."

बघून घेईन. पडदा म्हटल्यावर अंगातून वीज गेली, खोटं कशाला सांगू? लहानपणी जत्रेत नाटक कंपनी यायची. लोक नाटक बघायचे, मी पडदे बघायचो. दोरी ओढली की जंगल, दोरी ओढली की राजवाडा. मला तेच करायचं होतं. वडील म्हणाले, "आधी आपल्या दुकानाची पाटी रंगव." ती रंगवली. ती अजून आहे. भावाच्या दुकानावर.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तालीम बघितली. पाच मिनिटं. त्यापेक्षा जास्त बसवलं नाही.

नाटकाचं नाव 'साडेपाचची गाडी'. पोरांनीच लिहिलंय म्हणे. तीन पोरी एसटी स्टँडवर बाकड्यावर बसतात. बसतात म्हणजे बसतातच. बजरंग नावाचा पोरगा चौकशीच्या खिडकीत. पोरी विचारतात, "काका, राणीसावरगावची गाडी?" तो म्हणतो, "येईल." पुन्हा विचारतात. "येईल की, कुठं जाती?" पुन्हा बसतात. याला नाटक म्हणायचं? ना लढाई, ना रडणं, ना एक गाणं. मी मॅडमना म्हणालो, "काही घडतच नाही यात." मॅडम म्हणाल्या, "शेवटपर्यंत बसा सर, घडतं." मला आठवीच्या वह्या तपासायच्या होत्या. उठलो.

पडद्याचं काम बबिता करणार आहे. नववीतली, राणीसावरगावच्या बाजूच्या गावाहून येते. वर्गात मागं बसते. हात चांगला आहे तिचा, पण शिस्त नाही. मांजरपाटाचा मोठा पडदा शिवून आणलाय, चित्रकलेच्या खोलीत भिंतीला लावलाय. तिच्यासोबत आणखी तिघं. मी म्हणालो, "आधी कच्चं रेखाटन दाखवायचं, मगच रंग." ती "हो सर" म्हणाली. तिच्या 'हो सर'मध्ये काही नसतं. रिकामा डबा वाजवल्यासारखं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज डोकं फिरलं.

पोरीनं रंग लावला. न दाखवता. पडदाभर नुसता रस्ता. राखाडी, करडा, धुळीचा रस्ता. आणि तो रस्ता लांब जाताना निमुळता व्हायच्या ऐवजी रुंद होत गेलाय! खाली, जिथं पोरी बसणार, तिथं पाऊलवाटेएवढा. वर आभाळापाशी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सातवीत शिकवलेलं यथार्थदर्शन, सगळं गोदावरीत.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"रस्ता, सर."

"रस्ता लांब गेला की लहान होतो. मी फळ्यावर काढून दाखवलंय. रेल्वेचे रूळ आठवतात ना?"

"आठवतेत."

"मग?"

"वाट बघायला बसलं की असाच दिसतोय सर. तिकडचाच मोठा होत जातोय."

"बघणाऱ्याला काय वाटतंय ते नाही काढायचं. जे आहे ते काढायचं."

ती ब्रश बुडवत म्हणाली, "सर, तुमी कधी बसलाव का तिथं, अंधार पडेस्तोवर?"

मी गंगाखेडचा. घर शाळेमागं. मी कशाला बसेन? पण हा काय प्रश्न झाला शिक्षकाला विचारायचा? बाकीची पोरं खाली मान घालून हसायला लागली. मी म्हणालो, "उद्या नीट करून ठेव." ती म्हणाली, "हो सर."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नीट केलं नाही. उलट रस्त्याच्या कडेला पायच पाय काढलेत. पुरुषांचे पाय. चपला, बूट, गुडघ्यापर्यंत. वर धड नाही. मी विचारलं, यांची डोकी कुठं गेली? तिच्या आधी बजरंग म्हणाला, "सर, मान वर केली की त्या माणसांला वाटतंय आमच्याकडंच बघायल्यात, म्हणून पोरी मान वर करतच न्हाईत."

हेडसर येऊन बघून गेले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "सर, ह्ये घेऊन परभणीला जायचं? लोक म्हणतील या शाळेत चित्रकलेचा मास्तर हाय का न्हाई."

मला म्हणतील! चूक पोरीची आणि नाव माझं जाणार.

३० नोव्हेंबर, रविवार

आज शिपायाकडून खोली उघडून घेतली आणि पडदा नीट केला.

नीट करायलाच गेलो होतो. रस्त्याच्या दोन रेषा सरळ कराव्यात, एवढंच. पण एक रेषा ओढली की दुसरी मागते. पाय पुसले. मोठा ब्रश घेतला, रस्ता आवळून मधोमध क्षितिजावर नेला. मग आभाळ रिकामं दिसायला लागलं, तर मावळतीचं आभाळ दिलं: खाली शेंदरी, वर जांभळट, मधे बगळ्यांची माळ. डाव्या हाताला कडुनिंब. सावली. आणि मग रस्ता इतका सुंदर झाला की त्यावर काहीतरी यायलाच पाहिजे होतं. गाडी काढली. लाल गाडी, समोरून येणारी. बंपर, वायपर, कपाळावर पाटी: राणीसावरगाव. काचेत मावळतीचा उजेड पाडला. तो उजेड पाडायला तासभर गेला असेल, तास कसला, मला कळलंच नाही. दुपारचं जेवण विसरलो. हिनं डबा पाठवला तो तसाच. कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा शिडीवरून उतरलो आणि मागं सरून बघितलं.

जत्रेतला पडदा!

घरी आलो. ही म्हणाली, "आज गुणगुणायलाव?" मी म्हणालो, "मी कुठं गुणगुणतोय?" दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आज राग नाही.

१ डिसेंबर, सोमवार

आज पुन्हा राग.

मला वाटलं होतं, पोरं उड्या मारतील. खोलीत आली आणि दारातच थांबली. बबिता पडद्याजवळ गेली.

"सर, ह्ये कुणी केलं?"

"मी. बघ आता, कसा उठून दिसतोय."

"माझा रस्ता?"

"आहे की. त्याच्यावरच तर काढलंय."

तिनं गाडीला बोट लावलं. रंग कुठं कुठं ओला होता. लाल झालेलं बोट बघितलं, युनिफॉर्मला पुसलं आणि बाहेर निघून गेली. 'येऊ का सर' नाही, काही नाही.

सविता मॅडम उशिरा आल्या. पडद्यासमोर उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

"सर, गाडी."

"आवडली ना?"

"सर, आपल्या नाटकात गाडी येत नाही."

"म्हणजे?"

"येतच नाही. शेवटपर्यंत. नाटकच ते आहे."

"मग येऊ द्या की!" मी म्हणालो. "एवढी चांगली गाडी काढून दिलीय!"

मॅडमनी पदर खोचला आणि पांढरा रंग मागितला. आत्ताच्या आत्ता गाडी झाकते म्हणाल्या. तेवढ्यात हेडसर आले. पडदा बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मोबाईल काढून पडद्यासमोर फोटो काढला, शाळेच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं: आमच्या विद्यार्थ्यांची कलाकारी. मॅडमना म्हणाले, "याला ब्रश लावायचा न्हाई कुणी. मी सांगायलोय. नाटक बदला पाहिजे तर."

मॅडमचे डोळे भरले. मला दया आली नाही. माझं काम पुसायला निघाली होती ती बाई. एका दिवसात केलेलं काम! ज्यानं काढलं त्याला न विचारता पुसायचं, ही कुठली रीत?

५ डिसेंबर, शुक्रवार

परभणीहून आत्ताच आलो. हिनं गोळी दिली. झोप येणार नाही. जे झालं ते सरळ लिहितो.

हॉल भरलेला. आमचं नाटक जेवणानंतर. पडदा उघडला आणि टाळ्या पडल्या. नाटक सुरू व्हायच्या आधी, नुसत्या पडद्याला. माझ्या शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "वा, काय गाडी आहे!" छाती भरून आली.

मग तीन पोरी येऊन बाकड्यावर बसल्या. पहिलीनं विचारलं, "काका, गाडी?" बजरंग म्हणाला, "येईल." आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अगं पोरींनो, मागं बघा, लागली की गाडी!"

हॉल हसला. पोरींनी पुन्हा विचारलं, हॉल पुन्हा हसला. "काका, लय उशीर झाला वो," तर हसू. "अंधार पडायला," तर हसू. शिट्ट्या. बजरंगला घाम फुटला, तो वाक्यं गाळायला लागला. मी शेवटपर्यंत पहिल्यांदाच बघत होतो. शेवटी मधली पोरगी घरी फोन लावते, गाडी आली नाही म्हणून सांगते, ऐकते, फोन ठेवते. बाकीच्या दोघी विचारतात, काय म्हणाले? ती म्हणते, "उद्यापासून शाळेत जायचं न्हाई म्हणाले."

त्यावरही हसले लोक. सवय लागली होती तोवर. ती पोरगी तशीच बसून राहिली, पडदा पडेपर्यंत.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. असा शेवट आहे हे सांगायला काय झालं होतं मॅडमना?

बक्षिसं संध्याकाळी. अभिनय नाही, लेखन नाही. नेपथ्य प्रथम: आमची शाळा. परीक्षक म्हणाले, "गाडी इतकी खरी की हात दाखवून थांबवावीशी वाटली. नववीच्या मुलीचं हे काम!" बबिताला स्टेजवर बोलावलं. ढाल हातात द्यायला लागले तर तिनं हात मागं घेतले. माईक तिच्या उंचीला नव्हता. तिनं टाचा उचलल्या.

"हा पडदा आमी काढलेला न्हाई. शेटे सरांनी काढलाय. आमच्या नाटकात गाडी न्हवती. बक्षीस नको."

आणि उतरून आली. माझ्या रांगेजवळून गेली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

भरल्या सभेत इज्जत काढली. ज्या शिक्षकानं रविवार घातला, उपाशीपोटी शिडीवर उभा राहिला, त्याची. काय वाईट केलं मी तिचं? बक्षीस आणून दिलं! लोक हसले तर लोकांना अक्कल नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण वहीशी खोटं बोलून बीपी उतरायचं नाही. परीक्षक गाडीचं कौतुक करत होते तेव्हा मला सारखं वाटत होतं, कुणीतरी माझं नाव घ्यावं. घेतलं ते त्या पोरीनं.

६ डिसेंबर, शनिवार

बबिता आज आलीच नाही. सहा डिसेंबर. घरच्यांबरोबर परभणीतच थांबली असेल अभिवादनाला.

शाळेत दिवसभर तोच विषय. कदम म्हणाले, "सगळ्याच शाळांत मास्तर करतेत. आमच्या पोरीनंच बरं तोंड उघडलं." दुसरं कुणी म्हणालं, "तिचा बाप कोर्टात कारकून हाय. जपून. ते लोक प्रकरण भलतीकडं नेतेत." मी गप्प बसलो. बोलायला पाहिजे होतं का? बबिताच्या बापाला मी ओळखतही नाही.

हेडसरांनी दार लावून घेतलं. स्पर्धावाल्यांचा फोन आला होता. शाळेनं नियम मोडला असेल तर पुढं बंदी. "मंगळवारी तिच्या वडिलांना बोलावलंय. तुमी एवढंच म्हणायचं, पडदा पोरीनंच काढला, मी मार्गदर्शन केलं. ती घाबरून काहीबाही बोलली. माफी लिहून देईल, विषय संपला. आणि त्या मॅडमनी तिला फूस लावली, ह्ये मी बघतो. तासिकेवर हायेत, जानेवारीपासून गरज न्हाई म्हणून सांगता येतंय."

मी म्हणालो, "मॅडमना कशाला?"

"मग कुणाला? तुमाला?"

मी हो म्हणालो. मंगळवारी तसंच सांगतो म्हणालो. त्या पोरीला कळू दे एकदा.

७ डिसेंबर, रविवार

शिवरंजनीचा पुण्याहून फोन. आईकडून तिला सगळं कळलेलं. मला वाटलं बापाची बाजू घेईल. हसायला लागली.

"बाबा, माझा मोर आठवतो का? चौथीतला?"

"पहिलं बक्षीस मिळालं होतं तुला."

"तुम्हाला."

"मी नुसता पिसारा नीट केला होता."

"बाबा, मी मोर काढलाच नव्हता. कोंबडी काढली होती. आजीच्या घरची, एका पायानं लंगडणारी. सकाळी उठले तर तिचा मोर झालेला."

"कोंबडीला कोण बक्षीस देतं?"

"नाही देत," ती म्हणाली. मग तिनं गोळ्या वेळेवर घेताय का विचारलं.

त्यानंतर ती चित्र काढायची नाही, हे आत्ता लिहिताना आठवलं. मला वाटायचं, आवड गेली. मुलींची जाते.

हिला विचारलं, तुला माहीत होतं का कोंबडीचं? ही म्हणाली, "घरात सगळ्यांनाच माहीत होतं."

मग मलाच कसं नाही सांगितलं कुणी? याचाही राग आलाय.

९ डिसेंबर, मंगळवार

हेडसरांच्या खोलीत पाच जण. हेडसर, मी, सविता मॅडम, बबिता आणि तिचे वडील सिद्धोधन. माझ्या मनात होतं, आवाज चढवणारा माणूस असेल. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज इतका हळू की कान द्यावा लागत होता. आल्यावर "जयभीम, सर" म्हणाले. मी "नमस्कार" म्हणालो.

हेडसरांनी सुरू केलं. पोरगी गुणी आहे, शाळेला अभिमान आहे, पण स्टेजवर घाबरली, कुणाच्या तरी शिकवण्यावरून बोलली. इथं मॅडमकडं बघितलं. माफीचे दोन शब्द लिहून द्यावेत.

सिद्धोधन म्हणाले, "ती खोटं बोलली असंल तर माफी मागंल. मी मागायला लावीन. आधी एवढंच सांगा, ती खोटं बोलली का?"

हेडसर म्हणाले, "तसं न्हवं हो..."

"बबिता, तू सांग," मॅडम म्हणाल्या.

पोरगी उभीच होती. खिडकीकडं बघून बोलली. "मला सरांची तक्रार करायची न्हवती. आमी काढलेल्याला लोक हसले असते तर चाललं असतं. गायत्री शेवटचं बोलली तवा हसले. तिच्या बहिणीला खरंच शाळेतून काढलंय. ती रडायली होती, खरंच रडायली होती, आन् लोक हसायले होते. त्या गाडीला. ती गाडी माझी म्हणून मी ढाल घ्यायची?"

गायत्री म्हणजे मधली पोरगी. तिची बहीण मागच्या वर्षी माझ्याच वर्गात होती. आली नाही म्हणून मी पटावरच्या नावापुढं रोज रेघ मारत होतो.

हेडसरांनी टेबलावर हात आपटला. "अगं पण गाडी तुमीच काढली की पोरांनी! सरांनी काय केलं असंल, ब्रश धुऊन दिले असतील, रंग कालवून दिला असंल. या वयात सरांच्यानं एवढा पडदा होतोय तरी का? खडू धरला तर हात थरथरतोय त्यांचा. सांगा सर, मार्गदर्शनच केलं ना तुमी?"

माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. पोरीनं काढला, मी मार्गदर्शन केलं. घरून पाठ करून गेलो होतो.

"कुणाचा हात थरथरतोय?" मी म्हणालो.

"सर..."

"कुणाचा हात थरथरतोय? त्या गाडीच्या काचेत मावळतीचा उजेड पडलाय, तो पाडून दाखवा तालुक्यात कुणीतरी! ब्रश धुतले? मी ब्रश धुतले? शिडीवर उभा होतो मी दिवसभर! तो पडदा माझा आहे. आभाळ माझं, झाड माझं, गाडी माझी. हिचा एक फटकारा दिसत नाही त्यात. होते ते सगळे मी झाकले!"

माझा आवाज व्हरांड्यात गेला असणार, कारण बाहेरची पोरं गप्प झाली.

सिद्धोधन उठले. "म्हणजे ती खोटं बोलली न्हाई."

"नाही," मी म्हणालो. "आणि मॅडमनी तिला काही शिकवलेलं नाही. मॅडम तर तो पडदा पुसायला निघाल्या होत्या. यांनी पुसू दिला नाही."

हेडसर माझ्याकडं असं बघत होते जसं काही खुर्चीच बोलायला लागली. सिद्धोधन दारातून मागं वळले आणि "मेहरबानी, सर" म्हणाले. मेहरबानी कसली? मी त्यांच्यासाठी नाही बोललो. माझं काम दुसऱ्याच्या नावावर चढवतायत, कोण ऐकून घेईल? ज्याचं त्याचं नाव नको लागायला?

हेडसरांचा एवढा राग आलाय की बस. हात थरथरतोय म्हणे.

१६ डिसेंबर, मंगळवार

बक्षीस काढून घेतलं. शाळेला पुढच्या वर्षी स्पर्धा बंद. मला कारणे दाखवा नोटीस. सविता मॅडमच्या तासिका जानेवारीपासून बंद. ते झालंच. मी हेडसरांकडं जाऊन भांडलो. पुन्हा जाऊन भांडलो. ते म्हणाले, "सर, तुमी आता कुणाची शिफारस करायच्या जागी हाव का?"

मॅडमना व्हरांड्यात गाठलं. म्हणालो, "माझ्यामुळं झालं." त्या म्हणाल्या, "हो सर." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, पोरांना नाटक एकदा तरी नीट करायचंय. स्नेहसंमेलनात हेडसर घेणार नाहीत. तर पोरं म्हणतात, स्टँडवरच करू, आपण तिथं रोज असतोच. सिद्धोधनरावांनी आगारात विचारलंय.

पडदा कुठं रंगवताय, मी विचारलं. "बबिताच्या अंगणात," त्या म्हणाल्या. मला या म्हणाल्या नाहीत.

चित्रकलेच्या खोलीची भिंत रिकामी आहे. तिथं बसून मतदार जागृती पुरी केली. फलक मात्र माझ्याचकडं.

२३ डिसेंबर, मंगळवार

औषध आणायला म्हणून बाहेर पडलो. औषधाचं दुकान घराशेजारी आहे. स्टँडवर गेलो.

फलाटाच्या कडेला पोरांनी जागा केली होती. शाळा सुटलेल्या पोरी, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बाया, दोन कंडक्टर, उसाच्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर. भिंत नव्हती, त्यामुळं पडदा पोरांनीच धरायचा होता. दोघं बाकड्यांवर चढून वरची टोकं, दोघं खाली. एक पोरगा आला नव्हता. त्यांच्या उसाला तोड आली होती. एक वरचं टोक लोंबत होतं, वारा पडदा फडफडवत होता. मी खांबाआड उभा. बबितानं बघितलं.

वाटलं, आता तोंड फिरवेल. ती आली.

"सर, तुमी उंच हाव. ते टोक धरताव का? मागून धरायचं. लोकांना दिसायचं न्हाई."

मी मागं जाऊन बाकड्यावर चढलो. टोक धरलं, दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर. आणि नाकासमोर माझी गाडी. नवीन कापड कुठून आणणार? तिनं त्याच पडद्याच्या मागच्या बाजूला रंगवलं होतं. तिचं लोकांकडं, माझं माझ्याकडं.

नाटक सुरू झालं. मला काहीच दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं. "काका, गाडी?" "येईल." मी कान टवकारून उभा, आता हसतील. हसले नाहीत. "काका, लय उशीर झाला वो." कुणीतरी बाई पुढून म्हणाली, "असंच करतेत मेले." मग तीही गप्प झाली. खांदे भरून आले. हात खाली घेता येईना. टोक सुटलं असतं. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून गाडी बघत राहिलो, वीतभर अंतरावरून. काचेतला उजेड चांगलाच पडलाय, ते आजही म्हणतो. पण आत कुणी नाही. एकाही खिडकीत माणूस नाही. ड्रायव्हरची जागा रिकामी. एवढा दिवसभर उभा राहून मी रिकामी गाडी काढली आणि माझ्या लक्षात आलं नाही, परीक्षकांच्या नाही, हॉलभर माणसांतल्या कुणाच्या नाही.

पलीकडं गायत्री म्हणाली, "उद्यापासून शाळेत जायचं न्हाई म्हणाले."

स्टँडवर भोंगे वाजतच होते. पण आमच्या समोर इतकी शांतता पडली की पडद्याचं कापड वाऱ्यानं कुठं उसवतंय तेही मला ऐकू येत होतं. टाळ्या आल्याच नाहीत. बराच वेळ. मग पिशव्या उचलल्याचे आवाज, चपलांचे आवाज, एक म्हातारा गायत्रीला विचारत होता, "खरंच काढलं का गं बाई शाळेतून?" आणि ती म्हणत होती, "मला न्हाई बाबा, बहिणीला."

इतर तिघांनी टोकं कधी सोडली कळलं नाही. पडदा माझ्या अंगावर आला होता. मी हात वरच धरून उभा. कुणीतरी कापड बाजूला केलं. बबिता होती.

"सर," ती म्हणाली, "झालं नाटक. सोडा आता."